वंशवृक्ष खाली उतरवताना

संगणकातलं आमच्या घरात फक्त मलाच कळतं, हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की लोकांनाही ते खरं वाटू लागलं होतं. 'होतं' हा शब्द नीट वाचा, मंडळी. कीर्तनात बुवांनी झांजेच्या तालावर 'एक राजा होता' म्हटलं की मागच्या रांगेत पेंगणाऱ्या बाईलाही कळतं, की या राजाचं पुढे काही खरं नाही. तसंच समजा.

आमच्या सासरचा अख्खा वंशवृक्ष मी एका संकेतस्थळावर उभा केला होता. पणजे, खापरपणजे, त्यांच्या बायका, घर सोडून गेलेले, परत आलेले, परत आल्याचा पश्चात्ताप झालेले, सगळे नावानिशी आणि जमेल तितके फोटोनिशी. नावावर टिचकी मारली की माणूस समोर हजर! मग एक दिवस त्या संकेतस्थळाने कळवलं, की आम्ही दुकान बंद करतोय, आपापली माणसं घेऊन जा.

कुटुंबाच्या ग्रुपवर रडारड सुरू झाली. मी लिहिलं, "कुणीही घाबरू नये. मी सगळ्यांना सुखरूप घरी आणते." खाली तथास्तु म्हणणाऱ्या हाताचं चित्रही टाकलं. आमच्या ह्यांनी ते वाचून हळूच विचारलं, की आधी एखाद्या माणसावर प्रयोग करून बघायचा का? मी म्हटलं, ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये, त्यापेक्षा कोबी चिरावा. त्यांनी निमूटपणे कोबी चिरला. अजूनही ते मला कधी त्या कोबीची आठवण करून देत नाहीत, इतका सज्जन माणूस आहे.

मी वंशावळीचं एक सॉफ्टवेअर घरच्या संगणकात बसवलं. संकेतस्थळावर 'संपूर्ण वृक्ष उतरवून घ्या' असं बटण होतं. ते दाबलं. एक फाइल खाली आली. ती सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि काय सांगू! आंब्याच्या झाडाला एका रात्रीत मोहोर यावा तसे सगळे आपापल्या फांदीवर येऊन बसले, फोटोंसकट.

"सगळे आले?" ह्यांनी विचारलं.

"सगळे."

"आत्याबाईंचे यजमानसुद्धा?"

मी टिचकी मारली. आले. हसत.

हे यजमान कोण, ते सांगायला हवं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे फोटो काढले, त्यामुळे स्वतः कशातच नाहीत. घरच्या प्रत्येक फोटोत खाली जमिनीवर एक सावली पडलेली दिसते, ते हे. उभ्या आयुष्यात त्यांचा एकच फोटो निघाला. कुणीतरी त्यांच्याच हातातला कॅमेरा हिसकावून घेतला आणि ते 'अरे अरे' म्हणत हसले, तेवढ्यात टिपलेला. ते गेल्यावर आत्याबाईंना तोच उरला. पुढे भिंतीला ओल आली, फोटो चौकटीच्या काचेला चिकटला आणि काढताना चेहरा काचेवरच राहून गेला. पण त्याच्या आधी मी तो माझ्या फोनवर टिपून वंशवृक्षावर चढवला होता म्हणून बरं! आत्याबाई आमच्याकडे यायच्या त्या मला भेटायला नव्हे. खुर्ची ओढून संगणकासमोर बसायच्या, थोडा वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, "चला, भेट झाली."

तर ते आले. मी धन्य झाले. आणि धन्य झालेल्या माणसाने जे करू नये ते केलं. एका वृक्षाचे दोन संसार कशाला, म्हणून संकेतस्थळावरचा मूळ वृक्ष पुसून टाकला. त्याने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. त्याने पुन्हा विचारलं, पुसलेलं परत मिळणार नाही, कळतंय ना? मला त्याच्या भित्रेपणाची कीव आली. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान, पूजा आटोपून संगणक उघडला, तर सगळ्या पूर्वजांच्या जागी एकसारखी राखाडी मडकी! डोकं आणि खांदे, बाकी तोंड कोरं. खापरपणजोबा मडकं, आजेसासूबाई मडकं, मीसुद्धा मडकं. नावं तेवढी जागच्या जागी.

मदतीची पानं वाचली तेव्हा कळलं. त्या फाइलमध्ये फोटो नव्हतेच. फोटोंचे पत्ते होते. सॉफ्टवेअर बिचारं दर वेळी त्या पत्त्यावर जायचं, फोटो आणायचं आणि मला दाखवायचं. म्हणजे मी माणसांचे नुसते पत्ते घरी आणले आणि मग त्या पत्त्यांवरची घरं माझ्या हाताने जमीनदोस्त केली! संकेतस्थळाला मी विनवणीची पत्रं लिहिली. उत्तर फार नम्र आलं. आपण दोनदा होकार दिला होता, असं त्यात होतं.

त्याच क्षणी ग्रुपवर खरं सांगायला हवं होतं. देवासमोर रोज डोळे मिटून बसणारी बाई मी. पण लाज ही अशी चीज आहे की ती देवालाही म्हणते, जरा थांब, आधी चारचौघांचं बघते. मी ठरवलं, गुपचूप एकेकाकडून फोटो पुन्हा मागवायचे. कारण मात्र प्रत्येकाला पटेल असं द्यायचं.

थोरल्या दिरांना सांगितलं, जुन्या फोटोंची पेटी द्या, साफ करून देते. नणंदबाईंना सांगितलं, ह्यांच्यासाठी गुपचूप काहीतरी करायचंय, कुणाला बोलू नका. आत्याबाईंच्या मुलाला, ज्याला शाळेच्या संघापासून सगळे कॅप्टनच म्हणतात, त्याला म्हटलं, तुझा एक चांगला फोटो हवा, ह्यांना तू फार आवडतोस. तो गहिवरला. टाय लावून नवीन काढून पाठवला.

फोटो येत गेले, मडकी भरत गेली. पण यजमानांचं मडकं भरेना. माझा तेव्हाचा फोन मोडीत गेला होता. स्टुडिओ विकला गेला होता. कुणाकडेच नव्हता. आणि आत्याबाईंचा निरोप आला, की चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय, रविवारी येते. नव्या चष्म्याने यजमानांना नीट बघायचंय.

मी कबुली द्यायला त्यांच्या घरी गेले, खरंच गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाल्या, हिच्यामुळे ते आहेत हो. मी पाणी पिऊन परत आले.

मग शेवटचा उपाय म्हणून चौकातल्या फोटोवाल्याकडे गेले. यजमानांचं वर्णन केलं. रुंद कपाळ, जाड मिशी, हसरे डोळे. तो म्हणाला, "बाई, असं वर्णन तर माझंही होतं." चेहऱ्याला काहीतरी आधार द्या, म्हणाला. माझ्याकडे कॅप्टनचा टायवाला फोटो होता. बापाचा तोंडवळा लेकात असतोच! त्याने टाय पुसला, केस पिकवले, मिशी चिकटवली, गळ्यात कॅमेरा अडकवला. मी तो फोटो यजमानांच्या मडक्यावर बसवला आणि लांबून, डोळे किलकिले करून, दिवा मालवून पाहिलं. तसे ठीक वाटले.

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली ती थांबेचना. आधी थोरले दीर आले, हातात शहाळी. मग नणंदबाई, रडून लाल झालेल्या. मग कॅप्टन, तोंड पाडून. सगळ्यांनी माझा हात दाबला. आत हे स्टुलावर चढून पंखा पुसत होते. थोरल्या दिरांनी धावत जाऊन त्यांना कमरेला धरून खाली उतरवलं आणि खुर्चीत बसवलं.

हळूहळू उलगडा झाला. माझ्या नणंदबाई 'कुणाला बोलू नका' म्हटलं की आधी थोरल्या भावाला बोलतात. दिरांना वाटलं, जुन्या फोटोंची पेटी मागते म्हणजे ह्यांना शेवटचं बघायचं असणार. आणि कॅप्टनला कळेना, की जे त्याच्याशी आयुष्यात क्रिकेटच्या स्कोअरपलीकडे बोलले नाहीत, त्यांना तो एकाएकी इतका का आवडू लागला. तिघांनी बेरीज केली आणि उत्तर आलं, की ह्यांचं काही खरं नाही आणि मी धीराने सगळं लपवते आहे.

"मला काय झालंय?" ह्यांनी विचारलं.

"तू बोलू नकोस, थकशील," दीर म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी पुटपुटणार, इतक्यात आत्याबाई आल्या. नवा चष्मा, धुवट साडी. एवढी गर्दी पाहून त्यांना आनंदच झाला. त्यांनी खुर्ची संगणकासमोर ओढली. "उघड गं," म्हणाल्या.

मी उघडलं. दिवा मालवायला हात नेला, तर त्या म्हणाल्या, राहू दे, आता छान दिसतं मला.

त्या बघत राहिल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"हा आपला कॅप्टन आहे," त्या म्हणाल्या.

"मी?" मागून कॅप्टन पुढे आला. "वहिनी, माझा टाय कुठाय?"

"आणि याला मिशी कुणी लावली? त्यांचा कॅमेरा काळा होता, हा चंदेरी कुठला?" मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर किती बरं झालं असतं! "ते कुठे आहेत?"

मी सांगितलं. मडकी, पत्ते, पुसलेला वृक्ष, दोनदा दिलेला होकार, सगळ्यांना मारलेल्या थापा, काही ठेवलं नाही. सांगताना मी संगणकाच्या माऊसकडे बघत होते, कारण त्या खोलीत माझ्याकडे न बघणारं तेवढं एकच होतं. शहाळ्याला भोक पाडायला आणलेला सुरा दिरांच्या हातात तसाच राहिला होता.

"म्हणजे आता ते कुठेच नाहीत?" आत्याबाईंनी विचारलं.

मी मान हलवली. धरणी दुभंगावी वगैरे म्हणतात, तसलं काही झालं नाही. आमची फरशी फार पक्की आहे.

मग आत्याबाईंनी पिशवीतून आपला फोन काढला आणि अंगठ्याने फोटो सरकवायला लागल्या. त्यांच्या फोनमध्ये त्यांचा स्वतःचा अंगठा फार आहे. अंगठा, छत, चप्पल, पुन्हा अंगठा, शेजारणीचं मांजर. सरकवता सरकवता थांबल्या.

"हे चालेल का बघ," म्हणाल्या, जरा घाबरतच. "तू पहिल्यांदा त्यांना यात चढवलंस ना, त्या दिवशी मी तुझ्या या पडद्याचाच काढून ठेवला होता. घरी गेल्यावर रात्रीचं झोपताना बघायला. तुला सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, असं नसतं काढायचं."

म्हणाले असते. नक्की म्हणाले असते. तेवढ्यानेच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

फोटो तिरका होता. एका कानावर झगझगीत उजेडाचा ठिपका पडला होता. पण ते होते. 'अरे अरे' म्हणत हसणारे तेच ते. फक्त त्यांच्या छातीवर, पडद्याच्या काचेत उमटलेली, आणखी एक व्यक्ती होती. केसांना चाप, तोंड आ वासलेलं, एक बोट वर. मी! त्या दिवशी मी आत्याबाईंना ही सगळी यंत्रणा समजावून सांगत होते.

नणंदबाईंनी नाक पुसता पुसता हसायला सुरुवात केली. कॅप्टन म्हणाला, बाबा दिसतात छान, पण वहिनी जास्त दिसतात.

मी फोटोवाल्याकडे धावले. तो म्हणाला, बाईंना काढता येईल, पण त्यांचं बोट साहेबांच्या हनुवटीवरून जातंय. बोट काढलं तर हनुवटी मी माझ्या मनाची बसवीन. मी आत्याबाईंना विचारलं.

"नको. राहू दे तिथेच," त्या म्हणाल्या. "तुला काढायला जाशील आणि ते परत जायचे."

तर आता तो फोटो तसाच वंशवृक्षावर आहे. या खेपेला खराखुरा, पत्ता नव्हे. त्याच्या प्रती घरातल्या प्रत्येकाकडे आहेत, आणि त्या ह्यांनी केल्या आहेत. मी कोबी चिरत होते. हे ठणठणीत आहेत, शहाळी मात्र दिरांनी परत नेली.

आत्याबाई अजून येतात. खुर्ची ओढतात, बघतात. पूर्वी 'भेट झाली' म्हणून उठायच्या. आता जरा जास्त वेळ बसतात आणि यजमानांना म्हणतात, "बघितलंत, कशी बोलतेय ती?"

आणि खरोखर, त्या फोटोत आता ते कॅमेरा हिसकावणाऱ्याला हसत नाहीयेत. मला हसतायत. पुढच्या सगळ्या पिढ्यांना तसंच दिसणार आहे. मी बरेचदा निरखून पाहिलं. त्यांचं काही चुकतंय असं मला तरी वाटत नाही.