मटाराचा मरून स्वेटर

कारखान्याच्या तपासणी विभागात छत्तीस वर्षं काढली, पण आपल्या हाताखालून एकही सदोष नग बाहेर गेला नाही, असं दिवाकरराव सांगत. ऐकणारा बसलेला असला, तर दोनदा सांगत. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. कारखाना सुटला, खिशातली मोजपट्टी काही सुटली नव्हती. कांचघर मोहल्ल्यातल्या घरामागे त्यांनी मटार लावला होता. अठ्ठेचाळीस रोपं, दोन रोपांत बरोबर दहा सेंटीमीटर. एक रोप नऊवर उगवलं, तर त्याला समज देऊन सरकवण्यात आलं होतं.

त्यांच्या पत्नी कुमुदताई त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाल्या आणि वीस वर्षांनी त्यांनी विणकामाच्या सुया हाती घेतल्या. दोन महिने खपून आठ वर्षांच्या नातीसाठी, अंतरासाठी, मरून स्वेटर विणला. रविवारी अंतरा भोपाळहून येणार होती. तिने तो घालून घरभर मिरवावं, एवढीच त्यांची इच्छा.

बुधवारी त्या दोन दिवसांसाठी शहपुऱ्याला बहिणीकडे निघाल्या. दारातूनच म्हणाल्या, "अहो, पेटीत दोन मरून स्वेटर आहेत. वरचा आपल्या प्रसन्नचा, लहानपणचा. तो उसवून ठेवा, लोकर कामात येईल. खालच्याला हात लावू नका."

"वरचा. समजलं."

"लिहून देऊ का?"

"अगं, छत्तीस वर्षं..."

"हो, माहीत आहे. ऑटोवाला थांबून राहिला."

दुसऱ्या कुणी वरचा स्वेटर उचलला असता आणि उसवला असता. पण दिवाकरराव व्यवस्थित माणूस. त्यांनी आधी पेटी पूर्ण रिकामी केली, आतून पुसली, डांबराच्या गोळ्या बदलल्या. मग पलंगाकडे वळून पाहिलं, तर दोन मरून स्वेटर शेजारी शेजारी पडलेले. वरचा कोणता होता?

फोन करता आला असता. पण बायकोला विचारायचं, तर मग तपासणी विभाग कशासाठी होता? त्यांनी वही उघडली. नमुना 'अ': टाके एकसारखे, दोन्ही बाह्या समान, वेणीची वीण सरळ. नमुना 'ब': डावी बाही सव्वा सेंटीमीटर लांब, दोन टाके सुटलेले, एक वेणी मध्येच उलटी फिरलेली, गळा ढिला. निष्कर्ष: 'ब' तीस वर्षं जुना, वापरून सैल पडलेला. 'अ' म्हणजे कुमुदच्या हातचं नवं काम, शंकाच नाही.

चाळीस मिनिटांत 'ब' उसवला. शेवयांसारखी कुरळी लोकर निघाली. मटाराला आधार हवाच होता. बांबू रोवून त्यांनी लोकरीच्या ओळी ताणल्या आणि समाधानाने चहा घेतला.

शुक्रवारी कुमुदताई परतल्या. "उसवला?"

"उसवला. लोकर मटाराला दिली."

"बरं केलं. गेला एकदाचा." कुमुदताईंना हायसं वाटलेलं दिसलं. का, ते दिवाकररावांना कळलं नाही. "नव्याची एक बाही जराशी लांब झाली हो. पण वाढतं वय आहे, चालून जाईल."

दिवाकररावांनी कप तसाच खाली ठेवला.

ते मागे धावले. पण वेलांना आधाराची गरज असते तेव्हा ते वाट पाहत नाहीत. दोन दिवसांत मटाराच्या तणाव्यांनी लोकरीला स्प्रिंगसारखे वेढे घातले होते. एक धागा ओढला, तर सतरा नंबरचं रोप मुळासकट वर आलं.

त्यांनी शांतपणे विचार केला. रंग तोच, माप तेच. शिवाय 'अ' हा 'ब'पेक्षा कितीतरी सरस, त्यांनी स्वतः पास केलेला. कोणाच्या बापाला कळणार? "भेटीचा कागद मी गुंडाळतो," ते म्हणाले. "तुला कोपरे नीट जमत नाहीत."

रविवारी प्रसन्न, त्याची बायको वैष्णवी आणि अंतरा आले. अंतराने कागद फाडला आणि स्वेटर डोक्यातून घातला. कुमुदताई बघतच राहिल्या.

"किती एकसारखे टाके, आई," वैष्णवी म्हणाली.

"माझाही असाच होता," प्रसन्न म्हणाला. "वर्गात सगळ्यांना सांगायचो, आईने विणला म्हणून."

अंतरा कमरेजवळ खाजवत होती. "आजी, इधर कुछ टोचून राहिलंय." तिने काठ उलटा केला आणि मोठ्याने वाचलं, "मेड इन लुधियाना."

प्रसन्नने वाकून लेबल पाहिलं.

"आई?" प्रसन्न म्हणाला.

"तुझा विणायला घेतला होता रे," कुमुदताई पुटपुटल्या. "गळ्यापर्यंत आले आणि शाळेच्या परीक्षा लागल्या. मग थंडीच्या बाजारातून आणला आणि गळ्यातलं लेबल कापलं. कमरेला आणखी एक असेल, कुणाला माहीत?" मग त्यांचा आवाज बदलला. "पण तो तर उसवला होता ना. मग उसवला कोणता?"

सगळ्यांनी दिवाकररावांकडे पाहिलं. दिवाकररावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

परसात अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस रोपं मरून लोकरीला बिलगून डोलत होती. "आजोबा," अंतरा खूश होऊन म्हणाली, "मटर ने स्वेटर पहना है."

"काहून उसवला माझा?" कुमुदताईंनी विचारलं.

खोटं बोलायची सवय नव्हती. "डावी बाही सव्वा सेंटीमीटर..." दिवाकरराव म्हणाले. "मला वाटलं, इतकं सरळ काम तुझंच असणार."

कुमुदताईंना रागवायचं होतं, पण वाक्याचा शेवट आडवा आला. "आतून उलटून नाही पाहिलं?"

"नाही."

"छत्तीस वर्षं," कुमुदताई म्हणाल्या. "शेंगा संपू द्या. मग लोकर सोडवा, धुवा आणि स्वेटर विणा."

"मी?"

"मग कोण? मापं तुम्हालाच पाठ आहेत."

मार्चमध्ये, अंगणातल्या खुर्चीवर, दिवाकररावांची पहिली बाही पुरी झाली. कुमुदताईंनी त्यांच्याच खिशातून मोजपट्टी काढली, बाही मोजली, उलटून आतून पाहिली आणि त्यांच्याच वहीत शेरा लिहिला: 'तीन सेंटीमीटर लांब. नापास. उसवा. लेबल मात्र नाही.'

दिवाकररावांनी शेरा दोनदा वाचला. शेवटच्या वाक्यावर थोडं थांबले, आणि धाग्याचं टोक शोधू लागले.