दाजीकाकांची ऐकायची काठी

बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या गल्लीत एखादा माणूस भर रस्त्यात काठीचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावून, डोळे मिटून उभा दिसला, आणि टांगेवाले त्याला मुकाट्याने वळसा घालून जात असले, तर ते आमचे शेजारी दाजीकाका मोहिते समजावेत. नवख्याला वाटतं, माणूस उभ्या उभ्या झोपला. समोरच्या मणीबेन रोज विचारतात, "काका, जमीन शुं कहे छे?"

डोळे न उघडता काका उत्तर देतात, "कहे छे के मणीबेन बहु बोले छे."

काका दरबारच्या पाणीखात्यात आहेत. बडोद्यात तळ्याचं पाणी नळाने येऊ लागलं, तेव्हापासून. त्यांचे आजोबा पागेत शिलेदार होते. त्यांची तलवार घरात खुंटीला आहे; काकांच्या वाट्याला काठी आली. काठी शिसवीची, वरच्या टोकाला वाटीएवढा लाकडी गोल. त्याला कान लावून ते जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय ते सांगतात. पाणी गळत असलं तर 'सूऽऽ' असं ऐकू येतं म्हणे. मला कधी आलं नाही.

पण नुसता फुटका नळ ओळखून थांबतील तर ते काका कसले? त्यांनी पाण्याच्या जाती पाडल्या आहेत. "एक नेमाचं पाणी. सातला ऐक, साडेसातला ऐक, सूर तोच. दुसरं लहरी, चावी फिरवली की चढणार, उतरणार. वळणावर भोवऱ्याचं असतं, ते स्वतःभोवतीच गरगरतं. आणि एक भांडखोर, त्याला जागा पुरतच नाही."

"आणि गप्प पाणी?" मी एकदा विचारलं.

"तसलं नसतं. आवाज नाही तिथं पाणी नाही!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. याच मापाने ते माणसंही मोजतात. माझे वडील देवडीवर पहारेकरी. वीस वर्षं एकाच वेळी घरातून निघतात, म्हणून ते नेमाचे. मणीबेन भांडखोर, हे त्यांनाही मान्य आहे. शाळेचे हेडमास्तर भोवऱ्याचे: "अर्धा तास बोलले आणि होते तिथेच राहिले." माझ्या पाठीला तर त्यांनी चार माणसांत काठी लावली, कान दिला आणि निकाल सांगितला, "कोरडा!" सगळी गल्ली हसली.

मी कमी बोलतो हे खरं आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे काय बोलावं ते कळत नाही, आणि तिथलं घरी काय सांगावं तेही कळत नाही.

पण माझ्यापेक्षाही काकू गप्प. काका ओट्यावर बसून सर्वांना ऐकवायचे, "आमच्या घरात दिवसातून दोनदा पाणी येतं. एकदा 'जेवायला चला', एकदा 'दिवा लावा'. बाकी सगळा दुष्काळ." आतून काहीच उत्तर यायचं नाही. मग काका जरा वेळ थांबून आणखी मोठ्याने काहीतरी बोलायचे.

एका संध्याकाळी मी ओट्यावर धडा पाठ करत होतो. नळातून पाणी दोन तऱ्हांनी वाहतं, एक संथ आणि एक खळबळीचं. शनिवारी आमचे प्रोफेसर काचेच्या नळीत रंग सोडून दोन्ही दाखवणार होते. जाता जाता काकांनी विचारलं म्हणून मी हे सांगितलं, तर ते 'काचेची नळी' या शब्दांपाशीच थांबले.

"म्हणजे आतलं दिसतं?"

"दिसतं."

ते शेजारी येऊन बसले. "अरे कॉलेज," (मला ते हेच म्हणतात) "मी इतकी वर्षं पाणी सोडतोय. आत शिरताना पाहिलं, बाहेर पडताना पाहिलं. आत ते चालतं कसं, हे एकदासुद्धा दिसलं नाही. चैत्रात माझी पेन्शन. विचार ना तुझ्या प्रोफेसरांना, मी येऊ का."

मी प्रोफेसरांशी कधी एक शब्द बोललो नव्हतो. तीन दिवस त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. रोज संध्याकाळी काका विचारायचे, "विचारलंस?" आणि मग, "कोरडा!" तिसऱ्या दिवशी त्यांनी 'कोरडा' म्हटलंच नाही. नुसती मान हलवून आत गेले. ते मला फार लागलं.

शुक्रवारी मी दार ढकललं. माझं बोलणं प्रोफेसरांना तिसऱ्या खेपेला समजलं. ते पारशी गृहस्थ हसून म्हणाले, "अरे, तो लई आवो ने काकाने!" म्हणजे, घेऊन या की काकांना.

शनिवारी काका ठेवणीतली पगडी घालून, काठीसकट हजर. मुलांच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले. प्रोफेसरांनी तोटी जराशी उघडली. नळीत निळीची एक रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी सरळ.

"साहेब, आता पाणी सुरू करा की," काका मागून म्हणाले.

मुलं हसली. "चालू छे, काका," प्रोफेसर म्हणाले.

काका पुढे आले. त्यांनी काठी अलगद नळीला टेकवली आणि कान लावला. बराच वेळ ऐकलं. "आवाज नाही," ते पुटपुटले. मग त्यांनी वाकून नळीच्या दुसऱ्या टोकाची बादली पाहिली. ती हळूहळू भरत होती.

प्रोफेसरांनी तोटी आणखी उघडली. दोरा थरथरला, तुटला, सगळी नळी निळी झाली. काकांच्या कानाला ओळखीचा आवाज आला असावा. त्यांनी मान डोलावली. पण लगेच म्हणाले, "मघाचं दाखवा ना साहेब. ते गप्प."

प्रोफेसरांनी ते तीनदा दाखवलं.

परतताना काकांनी काठी कुठेच टेकवली नाही. काखेत धरून चालत होते. गल्लीच्या तोंडाशी मात्र थांबले. "बादली भरली होती ना रे?"

"भरली होती, काका."

एरवी ते कोपऱ्यावरूनच "आलो गंऽऽ!" म्हणून ओरडतात. आज नाही ओरडले. काठी माझ्या हातात दिली, जोडे काढले आणि जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. काकू पाठमोऱ्या तांदूळ निवडत होत्या. सुपात दाणे सरकत होते, मधूनच एखादा खडा बाजूला पडत होता.

थोड्या वेळाने काकूंनी मागे वळून पाहिलं आणि घाबरून विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"बरं आहे," काका म्हणाले. "ऐकतोय. तू कर तुझं."

मी काठी कोपऱ्यात ठेवली. जमिनीला लागून वाजू नये, म्हणून अगदी हळू ठेवली.