वृषालीबाईंनी कन्सोल सोडून संगणक उभा केला त्याचे वृत्त

श्री. आधी नमन विघ्नहर्त्यास, मग नमन वीजमंडळास, की ज्याचे कृपेवाचून पुढील वृत्तातील एक गोष्टही घडती ना. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण मास. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण मंडळी अद्याप तेथेच नांदत आहेत आणि त्यांस बोभाटा आवडत नाही. राज्य म्हणजे तिसरे मजल्यावरील तीन दालने, एक सज्जा, आणि दर्शनी दालनात भिंतीस लाविलेला थोर टीव्ही. तेथे वडीलकीचे गादीवर राजश्री सदानंदराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त जाहलेले, घरचे त्यांस आबा म्हणत. त्यांचे चिरंजीव श्रीरंगराव कारखान्यात पाळीची चाकरी करीत, सबब घरी असले तर निजलेले असत. आणि सूनबाई वृषालीबाई, शाळेत भूगोल शिकवीत, बोलणे मोजके, परंतु निश्चय केला की ब्रह्मदेव आला तरी फिरावयाच्या नाहीत.

मागे आबांचे कुटुंब, म्हणजे श्रीरंगरावांच्या मातुश्री, निवर्तले, तेव्हापासून आबांचे बोलणे खुंटले, आणि सकाळ संध्याकाळ सज्जात बसून रस्ता पाहात राहिले. मग वृषालीबाईंनी माहेराहून आणिलेला कन्सोल माळ्यावरून काढिला, टीव्हीस जोडिला, एक कंट्रोलर सासऱ्यांचे हाती दिधला आणि बोलिल्या, "आबा, हे बटण दाबलं की उडी." आबांनी बटण दाबिले, पडद्यावरील वीर उडी मारोन थेट नदीत पडला, आणि आबा बहुत दिवसांनी हसले. तेथून पुढे नित्य संध्याकाळी चहा जाहला की सासरा व सून एका सोफ्यावर बसत आणि खेळातील एका बेटावर उतरत. त्या बेटावर योद्धे जोडीजोडीने येतात, एकमेकांस टिपतात, आणि जी जोडी अखेर उभी राहील तिची फत्ते, ऐसा तेथील रिवाज. आबांचा नेम बरा, परंतु दिशेचे भान नाही. म्हणोन वृषालीबाई पुढे चालत आणि आबा मागे. "आबा, डावीकडे झाड आहे, त्याच्यामागे बसा," म्हटले की आबा बसत. शेजारच्या काकू एकदा विरजण मागावयास आल्या आणि सून सासऱ्यास बसा म्हणते, उठा म्हणते, आणि सासरा निमूट ऐकतो, हे पाहोन त्या विरजण न घेताच परत गेल्या.

ऐसे सुखाचे दिवस चालले असता नारळी पौर्णिमा आली. वृषालीबाई विळीवर बसून खोबऱ्याचे काप करीत होत्या, तो वाटी निसटली आणि पाते डाव्या अंगठ्याचे मुळाशी खोल गेले. ओरडणे जाहले नाही. आबा पाणी प्यावयास आत आले तो सूनबाई मनगट दाबून बसलेल्या, पाट लाल, आणि त्या इतकेच बोलिल्या, "आबा, अंगठा वळत नाहीये." आबांचे हातातील भांडे पडले. मग आबांनी खांद्यावरील पंचा गुंडाळिला, अनवाणी खाली धावले, रिक्षा आणिली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सूनबाईंचा हात उंच धरोन बसले. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया केली आणि बाहेर येऊन सांगितले, "शीर जोडली आहे. अंगठा राहील, भांडं धरता येईल, पिशवी उचलता येईल. पण पूर्वीसारखा चपळ होईल असं मी सांगत नाही."

पुढे पट्टी उतरली, व्यायाम सुरू जाहला, आणि एके दिवशी वृषालीबाई आपण होऊन सोफ्यावर बसल्या आणि कंट्रोलर हाती घेतला. आता त्या यंत्राची रीत ऐसी की वीरास चालविणारी दांडी डाव्या अंगठ्याखाली असते. बाईंनी अंगठा लाविला, दांडी हलेना. जोर केला, तो कळ खांद्यापर्यंत गेली. बेटावर त्यांचा वीर भर मैदानात जागच्या जागी उभा राहिला, आणि कोणी एक परका योद्धा आला, त्याने घाई न करिता नेम धरिला आणि त्यांस पाडिले. जी बाई या बेटावर वाघिणीसारखी फिरत होती तिची ऐसी गत आबांस पाहवेना. त्यांनी टीव्ही बंद केला, कन्सोलवर धुतलेला टॉवेल पांघरिला, आणि सज्जात जाऊन बसले.

मग दसरा जाहला आणि एके दुपारी तिघेही पानावर असता वृषालीबाई बोलिल्या, "मी कन्सोल सोडतेय. कॉम्प्युटर घेणार आहे, खेळायचा." आबांचा घास हातीच राहिला. श्रीरंगराव अर्धवट झोपेत म्हणाले, "आहे की लॅपटॉप. शाळेचा."

"त्याच्यावर हा खेळ उघडतसुद्धा नाही. आणि कॉम्प्युटरवर चालायला अंगठा लागत नाही. चार बटणं, तीन बोटं. नेम उजव्या हातानं, माऊसवर."

आबांनी टॉवेलाखालील कन्सोलाकडे बोट करोन विचारिले, "मग हा?"

"हा तुमचाच, आबा."

हे उत्तर बाईंनी मायेने दिधले, परंतु आबांचे काळजात ते विळीच्या पात्यासारखे गेले. कारण आबांची समजूत ऐसी की कन्सोल हे एक मुलूख आणि संगणक हे दुसरे, मध्ये समुद्र, आणि तिकडे गेलेला मनुष्य इकडील बेटावर पुन्हा भेटावयाचा नाही. ही समजूत खरी की खोटी, हे त्यांनी विचारिले नाही. सुनेचा हात गेला, तिला दुसरा मार्ग सापडला, त्यात आपण आपले एकटेपण काय सांगावे, ऐसे मनात आणोन आबा भात कालवू लागले, आणि ताक वाढून घ्यावयाचे विसरले.

पुढील रविवारी खोकी आली. एक खोके येईल आणि त्यातून संगणक निघेल ऐसी घराची अपेक्षा, परंतु खोक्यांमागून खोकी वर आली, आणि उघडिली तो आत पत्र्याची रिकामी पेटी, हिरवट काळी एक पाटी, पंखे, वायरांची जुडी, आणि नाना परीचे स्क्रू. श्रीरंगराव दारात उभे राहून म्हणाले, "हा फुटून आलाय. परत पाठव."

"जोडायचा असतो," बाई म्हणाल्या. "घरी."

"कोणी?"

"मी."

श्रीरंगराव कामाची वेळ जाहली म्हणोन गेले. वृषालीबाई सतरंजी घालोन बसल्या, मोबाइलवर कृती लाविली, आणि पाटी उचलू गेल्या तो डाव्या हाताची पकड सुटली आणि ती मदरबोर्ड नामक पाटी सतरंजीवर आदळली. दुसऱ्यांदा उचलिली, पुन्हा सुटली. आबा सज्जातून पाहात होते. हा संगणक उभा राहिला की सूनबाई पलीकडील मुलखात जाणार, हे त्यांस पक्के ठाऊक, तरी ते उठले, आत आले, चष्मा पुसोन लाविला, गुडघे धरीत सतरंजीवर बसले आणि बोलिले, "मी धरतो. तू सांग."

मग त्या दोघांनी काम आरंभिले. "आधी लोखंडाला हात लावा, अंगातली वीज उतरते." आबांनी लाविला. "आता प्रोसेसर. नुसता अलगद ठेवायचा, दाबायचा नाही, आणि मग ही कडी खाली ओढायची." आबांनी श्वास रोखोन तो चौकोनी तुकडा ठेविला, कडी ओढिली, तो आतून करकर ऐसा आवाज जाहला, की जैसे कोणाचे हाड मोडावे. "मोडलं," ते म्हणाले. "नाही आबा, तो आवाज तसाच येतो," बाई म्हणाल्या, परंतु त्यांचाही रंग उडाला होता, आणि आबांनी तो पाहिला. तेथून पुढे आबा जे जे करीत ते तान्ह्या बालकास न्हाऊ घालावे तैसे करीत. प्रोसेसरावर उष्णता शोषणारा लेप ज्वारीच्या दाण्याएवढा लाविला, त्यावर पंखा बसविला, रॅमच्या पट्ट्या खाचेत ठेविल्या, ग्राफिक्स कार्ड बसविले, स्क्रू फिरविले, वायरी एकेक करोन लाविल्या. जेवण राहिले. दुपार कलली. मग बाईंनी देवापुढील कुंकू आणोन पेटीस बोट लाविले आणि बटण दाबिले.

पंखे फिरले. दिवे लागले. आणि पडदा काळा.

बाईंनी बंद केला, पुन्हा लाविला. पंखे फिरले, पडदा काळा. वायर काढोन पुन्हा घातली, पडदा काळा. दालनात पंख्यांचे घोंघावणे तेवढे राहिले. वृषालीबाई भिंतीस टेकोन बसल्या आणि आपला डावा हात मांडीवर घेऊन त्याकडे पाहात राहिल्या. शीर तुटली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, त्या आता रडू लागल्या, आवाज न करिता. तेव्हा आबांचे मनात जे दाटले होते ते बाहेर आले. ते म्हणाले, "ती कडी ओढताना माझ्याकडूनच मोडलं. पण सूनबाई, मुद्दाम नाही मोडलं मी."

बाईंनी डोळे पुसले आणि चकित होऊन पाहिले. "मुद्दाम कशाला मोडाल?"

"हा सुरू झाला की तू पलीकडे जाणार. मी इकडे एकटा. असं मनात आलं होतं माझ्या. खोटं कशाला सांगू. पण हातानं तसं काही केलं नाही."

"पलीकडे म्हणजे कुठे, आबा?"

"कॉम्प्युटरात."

हे ऐकोन वृषालीबाई थक्क जाहल्या. मग बोलिल्या, "आबा, बेट एकच आहे. तुम्ही कन्सोलवरून या, मी कॉम्प्युटरवरून येईन. एकाच जोडीत. तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. मला एकटीनंच खेळायचं असतं तर मी कशाला..." आणि थांबल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"बोटं चालतील की नाही, मलाच माहीत नव्हतं. तुम्हाला आशा लावायची आणि मग जमलं नाही म्हणायचं, ते मला झालं नसतं."

इतके दिवस जो समुद्र आबा सज्जात बसोन पाहात होते तो मुळी नव्हताच, हे त्यांचे चित्तात उतरावयास वेळ लागला. आणि उतरले तैसे ते ताडकन पेटीकडे वळले आणि म्हणाले, "मग हा चालू झालाच पाहिजे. काय राहिलं असेल, सांग." ज्या यंत्राचे त्यांस सकाळी भय होते त्यावर आता ते वैद्यासारखे ओणवे जाहले. बाई विचार करू लागल्या, एकेक जागा पाहिली, आणि मग विचारिले, "आबा, रॅम किती जोरात दाबलीत?"

"जोरात कशाला दाबीन. तुझी वस्तू. हळूच ठेवली."

"ती दाबावी लागते. मोडेल असं वाटेपर्यंत."

वीज बंद करोन आबांनी दोन्ही अंगठे पट्टीवर ठेविले, डोळे मिटिले आणि दाबिले. कट् ऐसा आवाज जाहला. दुसरी दाबिली, कट्. मग बटण दाबिले, पंखे फिरले, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. दोघेही त्यांतील एक अक्षर न वाचता नुसते पाहात राहिले. संध्याकाळी श्रीरंगराव परतले, तो बाप व बायको सतरंजीवर, भोवती खोकी, आणि दोघे उपाशी. ते चपला न काढिताच पोळ्या आणावयास गेले.

म्हणोन लगेच फत्ते जाहली ऐसे समजू नये. वृषालीबाईंची बोटे चुकत, पुढे जावयाचे तर त्या समुद्रात जात, उडी मारावयाची तर खाली बसत. तेव्हा आबा टीव्हीसमोर कन्सोलवर पुढे चालत आणि बाई पाठीमागील टेबलावर संगणकाशी बसोन मागे येत, आणि आबांस दिशा कळत नसल्याकारणे दोघे मिळोन भलतीकडेच जात. कैक दिवस पराभव जाहले. बाई एकदा कीबोर्ड सारोन उठल्या, दुसरे दिवशी पुन्हा बसल्या.

मग कार्तिकात एके संध्याकाळी दोघे बेटावर उतरले, आणि बहुत योद्धे पडले, थोडे उरले, आणि आबा पूल ओलांडीत असता गोळी लागोन पडले. परके दोघे त्यांवर चालोन आले. आबांनी कंट्रोलर मांडीवर ठेविला, आता सरले म्हणोन. तो मागून कीबोर्डाचा खडखडाट ऐकू आला. पडद्यावर टेकडीआडून वृषालीबाईंचा वीर निघाला, एका झटक्यात गरकन वळला, की ऐसे वळणे आबांनी पूर्वी त्यांच्याठायी कधी पाहिले नव्हते, एक पाडिला, दुसरा पाडिला, आणि पडलेला जोडीदार पुन्हा उठावा म्हणोन आबांचे वीराशेजारी गुडघा टेकिला. आणि मागून शांत आवाज आला, "आबा, उठा."

आबा उठले. म्हणजे बेटावर तर उठलेच, परंतु सोफ्यावरूनही उठोन दालनाचे मध्यभागी ताठ उभे राहिले, कंट्रोलर हाती, आणि काय करावे ते सुचेना. श्रीरंगराव आवाजाने जागे होऊन दारात आले आणि विचारिले, "काय झालं?" आबांनी कंट्रोलरासकट हात टेबलाकडे केला. तेवढ्यात आबांचा वीर तैसाच उभा राहिला म्हणोन तिसऱ्या जोडीने त्यांस पुन्हा पाडिले, पाठोपाठ बाईंसही पाडिले, आणि त्या लढाईत उभयतांचा दुसरा क्रमांक आला.

येणेप्रमाणे त्या राज्यात कन्सोलाचे एकछत्र जाऊन दोन गाद्या जाहल्या, टीव्हीकडील एक आणि टेबलाकडील एक, पाठीस पाठ लावोन. तंटा जाहला नाही, वाटणी जाहली नाही, दोन्ही गाद्या एकाच वायफायवर चालतात. लिहिणाराने जैसे ऐकिले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही. वाचणाराचे कल्याण असो, आणि त्याचे मागे कोणी असो.