कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

"कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर? त्यात काय एवढं! मी अख्खं माणूस पोटात वागवलंय!"

बाळाच्या आईनं फोनवर असं ठणकावून सांगितलं, तेव्हा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं मुकाट पायऱ्या सांगायला सुरुवात केली. बाळंतपणाआधी ती घरांचे नकाशे काढायच्या ऑफिसात होती. आता घरून काम मिळणार होतं, पण तिथलं नकाशांचं सॉफ्टवेअर इतकं म्हातारं, की नव्या कॉम्प्युटरचा उंबराच चढत नव्हतं! त्यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आपल्याच कॉम्प्युटरवर एका खिडकीत दुसरा, खोटा-खोटा जुना कॉम्प्युटर उभा करायचा. त्याची डिस्क वेगळी, मेमरी वेगळी. एका घरात दोन चुली म्हणा ना!

खरं सांगायचं तर तिला कामापेक्षा माणसांची भूक लागली होती. नवरा जहाजावर, नेटवर्क असेल तेव्हाच बोलणार. दिवसभर घरात बोलायला एकच गृहस्थ, आणि ते प्रत्येक प्रश्नाला "ब्बू!" एवढंच उत्तर देणार. मध्यंतरी कुरिअरवाला आला, तर तिनं त्याला पाणी विचारलं, बसा म्हटलं, घरी कोण कोण असतं तेही विचारलं. बिचारा सही घेऊन जिन्यावरून जवळजवळ पळालाच!

तर, बाळाला मांडीवर घेऊन तिनं काम सुरू केलं. सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं. मग खिडकीतल्या कॉम्प्युटरनं विचारलं : 'डिस्क पूर्ण पुसली जाईल. पुढे जायचं?'

"जायचं की!" ती म्हणाली आणि बटण दाबलं.

जुनी सिस्टीम बसली. ती टाळी वाजवणार, तेवढ्यात बाळानं दोन्ही हातांनी कीबोर्डवर तबला वाजवला. खिडकी एकदम फुगली आणि पडदाभर पसरली. निळाशार, कोरा पडदा. कोपऱ्यात एक कचऱ्याची टोपली, बस्स!

तिनं बाळाचे हात बाजूला धरले. मघाशी पुसली ती डिस्क कुठली? आपली? तिच्यात तर बाळाचे सगळे फोटो होते! जन्मापासूनचे. फोन भरला की ती ते कॉम्प्युटरवर टाकायची आणि फोन रिकामा करायची. पहिलं पालथं पडणं, पहिला दात, पहिलं खदखदून हसणं. बाबा परत आले की त्यांना एकेक करून दाखवायचं म्हणून जपून ठेवलेलं.

कॉम्प्युटरवाल्याचा फोन लागेना. नवऱ्याचा तर लागणारच नव्हता. तिनं नणंदेला फोन लावला.

"वन्सं, गेलं! बाळाचं सगळं गेलं हो! माझ्याच हातानं..."

"काय गेलं? वहिनी! अगं काय केलंस?"

आणि नेमकी तेव्हाच फोनची बॅटरी संपली.

पुढच्या काही मिनिटांत दारावर अशा थापा पडल्या, की भिंतीवरचं घड्याळ हाललं. दारात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर! आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, म्हणून अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. आजवर जिन्यात "बरंय ना?" "बरंय," यापलीकडे बोलणं नव्हतं. त्यांचा नंबर मात्र वन्संनी बाळंतपणातच घेऊन ठेवला होता.

"बाळ कुठंय? तुझी नणंद फोनवर रडतेय नुसती!"

बाळ जमिनीवर बसून माउसची वायर चघळत होतं. सिस्टरांनी त्याला उचललं, उलटंसुलटं केलं, डोळे पाहिले, जीभ पाहिली. बाळ खूश!

"याला धाड भरलेली नाही. गेलं काय?"

"फोटो..."

"फोटो?! अगं, मी दूध गॅसवर ठेवून आलेय!" म्हणत त्या धावत वर गेल्या. परत आल्या त्या करपलेलं पातेलं हातात घेऊनच. पुरावा म्हणून!

तोवर नणंदबाई पोचल्या. एका पायात चप्पल, दुसऱ्यात यजमानांचा बूट. आधी बाळाला छातीशी धरून रडल्या, मग वहिनीला झाप झाप झापलं, मग पायांकडे लक्ष गेलं आणि इतक्या हसल्या, की त्यांना उचकी लागली. फोन चार्जिंगला गेला, चहा ठेवला गेला.

सिस्टर मांडी ठोकून बसल्या. "काय होतं गं त्या फोटोंत?"

कोणी विचारलंच नव्हतं आजवर! ती सांगायला लागली ती थांबेचना. दात कुठल्या बाजूला आधी आला, शिंक आल्यावर तो स्वतःच कसा दचकला, हसताना नाक कसं मुडपतो. सांगता सांगता रडली, रडता रडता हसली. चहा दोनदा गरम करावा लागला.

मग कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. तिचं ऐकून तो म्हणाला, "अहो मॅडम, पुसली ती खोटी डिस्क! तुमचं सगळं मागे शाबूत आहे. पडदा फक्त मोठा झालाय. उजवीकडचं कंट्रोल आणि एफ दाबा."

तिनं दाबलं. निळी खिडकी लहान झाली आणि मागून तिच्या पडद्यावर कायम लावलेला बाळाचा हसरा फोटो वर आला, नाक मुडपलेला! तिनं डोळे पुसले.

स्वयंपाकघरातून आवाज येत होते. बाळाला तेल कसं लावायचं यावर दोघींचं कडाक्याचं भांडण! वन्सं ओरडल्या, "काय गं, सापडले का? नाहीतर मी मुक्कामच करते!"

तिचं बोट कीबोर्डवर घुटमळलं. मग तिनं घाईघाईनं माउसनं निळी खिडकी ओढली, फोटोवर ताणली.

"नाही हो वन्सं! शोधतायत अजून!"

मागे वळली तर दारात सिस्टर उभ्या. हातात बाळ, कोपरापर्यंत तेल. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग हिच्याकडे.

"किती दिवस लागतील म्हणे?"

"सांगता... सांगता येत नाही."

"हं. असली कामं घाईनं करू नयेत. मी उद्या येईन बघायला. परवाही येईन." जाता जाता त्या थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण खिडकी नीट ताण गं पोरी. बाळाचं नाक बाहेर राहिलंय!"