प्रेतावर पोथी बांधत नाहीत

उदारामांनी देवळात चौरंगासमोर बसून लाल बस्ता कपाळाला लावला, गाठ सोडली, आणि आत पोथी नव्हती.

आत होती 'गोदी नंबर सातचं प्रेत'. तरुणपणी गोंदियाच्या स्टेशनावर घेतलेली, मुखपृष्ठ निखळलेली डिटेक्टिव्ह कादंबरी. गीताबाईंनी एकाच लाल कापडातून दोन बस्ते शिवले होते, एक पोथीला आणि दुसरा नवऱ्याच्या या लाडक्या फाटक्या पुस्तकाला. पुढे गीताबाई गेल्या, लेक हर्षा लग्न होऊन रायपूरला गेली, शेती ठेक्यानं दिली. घरात उदाराम उरले आणि दोन बस्ते उरले. आज घाईत हात चुकीच्या बस्त्यावर पडला.

घरी जाऊन बदलून आणावा, तर पलीकडे भैयाजी बसला होता. देवस्थान समितीचा हा तरणा सचिव गेल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काका, तुमाले वाचताना दम लागून राहिला. पोथी आता मोबाईलवर भेटते. स्पीकर लावून देतो, तुमी आराम करा." आणि तो स्पीकर आज त्याच्या मांडीवर होता. उदाराम एकदा उठले असते, तर परत येईपर्यंत स्पीकर गाऊ लागला असता आणि त्यांची जागा कायमची गेली असती. श्रावणातली ही दुपार म्हणजे दिवसातला एकच वेळ, जेव्हा माणसं त्यांच्याकडे तोंड करून बसत. एरवी दिवसभरात त्यांच्याशी बोलायची ती फोनमधली बाई, 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती' वगैरे.

शेतात धानाचे रोवणे आटोपले होते, मारुतीच्या देवळात बरीच मंडळी होती. दिवा लागला होता, पुस्तकाला फूलही वाहून झालं होतं. उदारामांनी डोळे मिटून पाठ असलेलं मंगलाचरण म्हटलं, तेही दोनदा. पुढचं पाठ नव्हतं. डोळे उघडले तर समोर पहिलं पान.

"आज आधी एक दृष्टांत ऐका," ते म्हणाले. कीर्तनात बुवा अडले की दृष्टांतच धावून येतो. "समुद्राकाठी एक नगरी. त्या नगरीत भालेकर नावाचा पुरुष. लोकांनी लपवलेलं सत्य शोधावं, हे त्याचं व्रत."

ऑफिसाची त्यांनी कुटी केली. टेबलाच्या खणातली व्हिस्की आली तेव्हा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग त्यानं तीर्थ घेतलं."

वाचता वाचता उदाराम स्वतःच रंगले. कुटीत एक सुंदर बाई आली, बहीण हरवली म्हणून रडली. भालेकरानं पुन्हा तीर्थ घेतलं, गोदीवर गेला, एक पोतं उघडलं, आणि प्रकरण संपलं. सुटलो, असं म्हणत उदारामांनी बस्त्याची टोकं उचलली.

"हां हां, उदारामभाऊ!" पुढच्या रांगेतून कुंदाबाई ओरडल्या. "पोत्यात काय होतं?"

"प्रेत."

"मंग प्रेतावर पोथी बांधतेत का जी?"

सगळ्या माना हलल्या. दिवसाचं वाचन थांबवून पोथी बांधायची तर जन्मावर बांधावी, लग्नावर बांधावी, राज्याभिषेकावर बांधावी. मरणावर आणि वियोगावर बांधू नये. कोण्या एका वाचकानं वनवासावर पोथी बांधली आणि त्याच साली तलावाची पाळ फुटली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"चांगल्या जागेपर्यंत वाचा," कुंदाबाईंनी हुकूम सोडला.

ही कादंबरी उदारामांना ओळ न् ओळ ठाऊक होती. तिच्यात चांगली जागाच नव्हती. लेखकानं साऱ्या पुस्तकात एक बारसं घातलं नव्हतं.

दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी भालेकराच्या डोक्यात मागून फटका बसला आणि तो चिखलात पडला.

"हळद तरी लावली का कोनी?" कुंदाबाईंशेजारच्या प्रेमिलानं विचारलं.

"नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानं तीर्थ घेतलं."

"अवं माय! सकाळपासून तो जेवलाच नाही जी! नुसतं तीर्थावर हाये. अन् हे कसं तीर्थ, घेतलं का ठसका लागते?"

"मले मालूम हाये ते तीर्थ," मागून बिसराम म्हणाला. त्याच्या बायकोनं वळून पाहिलं, तसा तो चहा सांगायला बाहेर पळाला.

बकाराम हा शांत माणूस, पोथीत हमखास डुलक्या घेणारा. आज टक्क जागा होता. "ते बाई खोटी हाये," तो म्हणाला. "बहीण हरवली म्हणते, अन् रडाच्या आधी आरसा पाहून राहिली."

"खोटी काऊन? भेदरली असन बिचारी," प्रेमिला म्हणाली. "मले तं त्या हॉटेलच्या मॅनेजरचा डाऊट हाये."

"काका," भैयाजीनं तोंड उघडलं, "हा दृष्टांत कोणत्या पुराणातला?"

उत्तर सुचायच्या आत पुस्तकानंच दगा दिला. निखळलेलं मुखपृष्ठ घसरत भैयाजीच्या पायाशी गेलं. त्यानं उचललं. त्याचे डोळे मोठे झाले. "काका, ह्या पानावर तं बाईच्या हातात पिस्तूल..."

उदारामांनी डोळे मिटले. गेली जागा.

"इकडं दे रे ते," कुंदाबाईंनी त्याच्या हातून पान ओढलं. "देवीच्या हातात शस्त्र राहत नाही का? पोथीचं पान पायाशी ठेवते, अन् म्हणे सचिव!" त्यांनी ते कपाळाला लावलं, पदराखालून उदारामांकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "वाचा जी तुमी."

तिसऱ्या प्रकरणाअखेर दुसरं प्रेत. चौथ्याअखेर सुंदर बाई पळाली. दर वेळी उदाराम बस्त्याची टोकं उचलत, दर वेळी कुंदाबाई हात आडवा धरत. शेतावरून परतणारी माणसं पायरीवर टेकली. चहा दोनदा फिरला. भैयाजीचा फोन वाजला, त्यानं न बघताच बंद केला. "खुनी कोण ते सांगू नका काका, पण मॅनेजर नसन," तो हळूच म्हणाला. "तो लई सीधा दाखवला." मारुतीरायांनीही एवढं कान टवकारलेलं देऊळ कित्येक दिवसांत पाहिलं नसेल.

मॅनेजरच निघाला. प्रेमिलानं मांडीवर थाप मारली. बाई आगगाडीत बसून निघून गेली. शेवटचं पान आलं.

हे पान उदाराम कधी मोठ्यानं वाचत नसत. आज वाचलं. भालेकर कुटीत परतला. दिवा लावला नाही. खुर्चीत बसला. फोनकडे पाहत राहिला. फोन वाजला नाही.

ही ओळ उदारामांनी दोनदा वाचली.

"बांधा काका," भैयाजी म्हणाला. "गुन्हेगार सापडला. न्याय झाला."

"न्याय झाला, पण तो तं एकटाच राहिला ना," प्रेमिला म्हणाली. "त्याले बहीण नाही का जी? भाऊ?"

"लिहिलेलं नाही."

"मंग बिमार पडला तं पाणी कोन देईन?"

चुकलेल्या हातानं आपण अख्ख्या गावाला अपशकुनाच्या तोंडाशी आणून बसवलं, असं उदारामांना वाटलं. आता खरं सांगावं, माफी मागावी आणि भैयाजीला म्हणावं, लाव बाबा तुझा स्पीकर.

"मागचं पान वाचा," कुंदाबाई म्हणाल्या.

"मागं काही नाही. जाहिरात आहे."

"वाचा म्हणून राहिली ना!"

उदारामांनी पुस्तक उलटं केलं. "याच महिन्यात येत आहे... गुप्तहेर भालेकर यांचं नवं साहस."

"म्हणजे फोन वाजला!" बकाराम उठून उभाच राहिला. "काम भेटलं त्याले!"

"जिता हाये, धंद्याले लागला हाये, अजून काय पायजे?" कुंदाबाईंनी हात जोडले. "झालं मंगल. बांधा."

आरती दणक्यात झाली. बाई खोटी होती की भेदरलेली, यावर वाद घालत मंडळी पायऱ्या उतरली. भैयाजीनं स्पीकर काखेत मारला. "काका, उद्या थोडे लवकर बसा," एवढंच म्हणून तो गेला.

कुंदाबाई मागे रेंगाळल्या. "उद्या खरी पोथी आना हो, उदारामभाऊ."

गाठ मारता मारता उदारामांचा हात थांबला. "तुमाले समजलं होतं?"

"पयल्याच ओळीले. आमचा घरधनी हेच पुस्तक वाचे. मले अक्षर येत नाही, तं मी भाकरी टाकत राहो अन् तो चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचे. तो गेला तवापासून ऐकलंच नोतं."

"अन् मले थांबवलं नाही?"

"थांबवलं ना जी," पायानं चपला शोधत कुंदाबाई म्हणाल्या. "जवा जवा तुमी बांधाले लागले, तवा तवा थांबवलं."