दोन जनरेटर आणि एक सासरे

"आभाळ कोसळलं तरी चालेल, पण माझ्या स्टेजवरचा एक दिवा जाणार नाही!" असं अखंडराव छाती ठोकून सांगत. आणि खोटं कशाला बोला, आजवर गेलाही नव्हता! मोठमोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमांत स्टेजवरच्या दिव्यांना वीज पुरवायची, हे त्यांचं काम. भर कार्यक्रमात त्यांच्या स्टेजवर कधी अंधार झाला नाही, म्हणून बरोबरीचे लोक त्यांना अखंडराव म्हणत, आणि ते नाव ते खऱ्या नावापेक्षा जास्त मिरवत.

सगळ्या जगाला त्यांचं कौतुक होतं. फक्त सासऱ्यांना नव्हतं!

सासऱ्यांचं गाद्यांचं दुकान. गादी कशी, डोळ्यांना दिसते, हाताने दाबून बघता येते, गिऱ्हाईक तर तिच्यावर आडवं होऊन घोरूनसुद्धा बघतं! जावयाचं काम मात्र त्यांना कुठेच दिसत नव्हतं. "गाणारी गाते. वाजवणारे वाजवतात. दिव्यांची बटणं दाबायलाही वेगळी बाई आहे. मग जावईबापू तिथे जाऊन करतात काय?" हा त्यांचा सवाल, दर जेवणाच्या वेळी, पहिल्या घासाला. त्यापेक्षा जावयाने दुकानात बसावं, असं सासऱ्यांच्या मनाने घेतलं होतं.

बापाच्या आणि नवऱ्याच्या मध्ये सापडून बायको कावली. शेवटी तिनेच निकाल लावला.

"बाबांना एकदा तुझं काम दाखव. त्यांना पटलं, तर दुकानाचा विषय कायमचा बंद. नाही पटलं, तर एक तारखेपासून तू गल्ल्यावर!"

"एवढंच ना?" अखंडराव हसले. "बाबा बघतच राहतील!"

आणि अशा रीतीने त्या संध्याकाळी गळ्यात पास लटकवून सासरे स्टेजच्या मागे हजर झाले. समोर मैदान माणसांनी फुललेलं. मागच्या बाजूला मनगटाएवढ्या जाड केबली, माणसाच्या उंचीचं पॅनेल आणि शेजारीशेजारी धडधडणारे दोन जनरेटर. बायको एका रिकाम्या पेटीवर बसली. सासरे उभेच राहिले. बसायला गादी नव्हती.

"हे बघा बाबा," अखंडरावांना कुठून सुरुवात करू आणि कुठून नको असं झालं होतं, "हे दोन जनरेटर मिळून सगळ्या दिव्यांचा भार उचलतात. पण एक मेला, तरी दुसरा तोच भार एकटा पेलतो. त्याच क्षणी! समोरच्या माणसाला पत्तासुद्धा लागत नाही!"

"पत्ता लागत नाही, मग पैसे कशाचे घेता?"

अखंडरावांचे कान लाल झाले. चालू कार्यक्रमात विजेशी खेळायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच मोठ्या अक्षरांत लिहून पॅनेलवर चिकटवला होता. पण सासरे समोर असले की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते!

"थांबा, दाखवतोच! हा पहिल्या जनरेटरचा ब्रेकर, वीज तोडायचा खटका. बघा हं, पाडतो!"

खाट्! ब्रेकर खाली आला. स्टेजवर एक दिवा लुकलुकला नाही की थरथरला नाही. गाणं चालू, नाच चालू, लोक बेभान!

"बघितलंत?" अखंडराव आनंदाने जवळजवळ नाचलेच.

"काय?"

"काहीच झालं नाही!"

"तेच म्हणतोय मी. काहीच झालं नाही. मग दाखवलंत काय?"

बायकोने कपाळाला हात लावला.

"बाबा, पहिला जनरेटर दिव्यांपासून तुटला! आता सगळा भार दुसऱ्यावर आहे!"

"आमच्या दुकानातही एक बटण आहे," सासरे शांतपणे म्हणाले, "ते कशालाच जोडलेलं नाही. हेही तसलंच असणार."

झालं! अखंडरावांच्या सगळ्या आयुष्याच्या कमाईला या माणसाने निकामी बटण ठरवलं होतं! त्यांनी सासऱ्यांना हाताला धरून थेट जनरेटरपाशी नेलं. तिथे जनरेटर सांभाळणारे डिझेलकाका होते. जनरेटरवर त्यांचा इतका जीव, की घरच्यांपेक्षा यंत्राची चौकशी जास्त करत.

"काका, एक नंबर बंद करा!"

"चालू कार्यक्रमात? डोकं फिरलंय का तुझं?"

"करा हो! माझ्या संसाराचा प्रश्न आहे!"

संसार म्हटल्यावर काका विरघळले. एक नंबर घरघरला, खोकला आणि गप्प झाला. स्टेजवर दिवे जसेच्या तसे!

सासऱ्यांनी गार पडत चाललेल्या यंत्राकडे पाहिलं, मग लखलखत्या स्टेजकडे पाहिलं. "याच्यावाचून काही अडत नाही म्हणायचं. मग हा आणलात कशाला? शोभेला?"

"अहो, दुसरा बंद पडला तर हा आहे!"

"आणि तो कुठे बंद पडलाय?"

आता मात्र अखंडराव पेटले! डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, एक तारीख आणि गल्ला, गल्ला आणि एक तारीख! "काका, एक नंबर परत सुरू करा!" ते ओरडले. एक नंबर पुन्हा धडधडू लागला, तसे ते सासऱ्यांना घेऊन पॅनेलकडे धावले. "आता दोन नंबरचा ब्रेकर पाडू! मी नाही, तुम्ही! तुमच्या स्वतःच्या हाताने! मग बघा, एक नंबर एकटा सगळं कसं उचलतो ते!"

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. पहिली गादी उचलताना धरली असेल तशी पकड त्यांनी ब्रेकरवर घेतली. आणि ओढला!

खाट्!

मिट्ट काळोख.

एक नंबर जोरात धडधडत होता. पण त्याचा ब्रेकर मघाशी अखंडरावांनी स्वतःच पाडला होता, आणि भांडणाच्या भरात तो पुन्हा उचलायचं साफ विसरले होते! जनरेटर राबत होता, वीज दिव्यांपर्यंत पोहोचतच नव्हती.

"आता काहीतरी झालं," अंधारातून सासऱ्यांचा समाधानी आवाज आला.

अखंडरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ध्वनीची वीज वेगळी होती, त्यामुळे गायिकेचा माईक चालू होता. ती क्षणभर थांबली आणि मग तशीच, एकटीच, वाद्यांशिवाय गाऊ लागली. मैदानावर फोनचे दिवे एकेक करत उजळले. बघता बघता सगळं मैदान तिच्याबरोबर गायला लागलं!

अखंडरावांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते चाचपडत पॅनेलवर हात चालवत होते. सगळे दिवे एकदम पेटवले असते तर जनरेटर भाराने दचकून बंद पडला असता. म्हणून त्यांनी आधी दिव्यांच्या सगळ्या रांगा तोडल्या, एक नंबरचा ब्रेकर चढवला, आणि मग मागून पुढे एकेक रांग सोडू लागले. फिरते दिवे वीज मिळाली की आधी मान गरगर फिरवून स्वतःला तपासून घेतात. पहिली रांग जागी झाली, मान फिरवून उजळली. लोक किंचाळले! दुसरी रांग उठली, लोक उड्या मारू लागले! शेवटची रांग पेटली तेव्हा असा काही कल्ला उठला, की डिझेलकाकांनी घाबरून यंत्राला मिठी मारली.

इतक्यात कार्यक्रमाचा मॅनेजर धापा टाकत आला.

"तो अंधार कोणी केला?"

अखंडरावांनी कबुली द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात सासरे पुढे झाले. "मी केला."

अखंडरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं ज्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, तो माणूस जावयासाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेत होता!

मॅनेजरने सासऱ्यांचे दोन्ही हात धरले. "काय वेळ साधलीत हो! गाणाऱ्या बाई स्टेजवर रडतायत! असा क्षण मी जन्मात बघितला नाही! आता प्रत्येक कार्यक्रमात हा अंधार हवा, याच ओळीला, आणि याच हाताने! यापुढे पॅनेलवर हेच!"

"ओळ संपायची वाट बघत होतो मी," सासरे बेधडक म्हणाले. "हात मुद्दाम थोडा रोखून धरला होता."

"पण विजेकडे कोण बघणार?" अखंडरावांनी कसंबसं विचारलं.

"तिला काय होतंय? दोनदा तोडून बघितली, हललीसुद्धा नाही."

"खरं आहे," मॅनेजरने मान डोलावली. "अखंडरावांच्या विजेला माणूस लागतच नाही."

"आणि बाबा, दुकान?" बायको पेटीवरून उठलीच.

सासरे जावयाजवळ आले. प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, पटलं बरं का तुमचं काम! काय काम आहे! गाद्या विकण्यात फुकट गेलं हो माझं आयुष्य!" मग त्यांनी खिसे चाचपले, शटरच्या किल्ल्या काढल्या आणि अखंडरावांच्या तळहातावर ठेवल्या.

"उद्या जरा लवकर उघडा. कापूस यायचाय."