मेहुणा, मशीन आणि तांदळाचा डबा

एडिटिंगचं सॉफ्टवेअर काढायचं आणि पुन्हा टाकायचं, एवढंच ठरलं होतं. माझं मशीन जुनं आहे. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमचा अर्धा कोपरा त्यानंच व्यापलाय (उरलेला अर्धा बायकोच्या, सुमेधाच्या कपाटानं, मी कुठे झोपतो ते विचारू नका). विरार-वसईतल्या निम्म्या लग्नांच्या फिल्मा मी या मशीनवर कापल्यात. पण हल्ली नवरा-नवरी एकमेकांकडे बघायला लागले की मशीन हँग व्हायचं. नवरी अर्ध्या लाजेवर अडकून बसायची.

सुमेधा म्हणाली, "परेशला बोलवा. तो ऑफिसात दिवसभर हेच करतो."

परेश म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मनवेलपाड्याला राहतो. मी फोन केला तर म्हणाला, "येतो ना भाऊजी, रविवारी!"

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सख्खा मेहुणा पहिल्या फोनला हो म्हणतो? तेही फुकट? शिवाय गेल्याच महिन्यात त्यानं नवा कॅमेरा घेतला होता आणि कळंबच्या किनाऱ्यावर कुणा जोडप्याचे फोटो काढत हिंडत होता. हा माझ्या धंद्यात उतरणार, आणि भांडवल म्हणून माझंच फूटेज नेणार, याबद्दल माझी खात्री पटली.

मशीनमध्ये शेल्डन आणि एलिसाचं लग्न होतं. एलिसाचे आजोबा त्या लग्नात बँडच्या तालावर असे नाचले होते की बँडवाले दमले. पुढे थोड्याच दिवसांत म्हातारा गेला. एलिसाचे वडील सॅन्टनभाऊ रविवारी संध्याकाळी तोच नाच बघायला येणार होते. शूटिंग दुसरे करतात, मी नुसता कापतो; त्यांच्या कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नांना वापरून झाली होती. म्हणजे ते आजोबा आता फक्त माझ्या मशीनमध्ये नाचत होते.

मी युक्ती केली. परेश यायच्या आधी शेल्डनच्या लग्नाचं सगळं फूटेज डी ड्राइव्हवरून उचललं, डेस्कटॉपवर ठेवलं आणि फोल्डरला नाव दिलं 'सोसायटी एजीएम'. या नावाचं फोल्डर जगात कोणी आपण होऊन उघडत नाही.

परेश आला. बसला. "भाऊजी, विंडोजही नव्यानं टाकू. प्रोजेक्ट कुठेत?"

"डी वर."

"मग सी पुसतो. सी वर महत्त्वाचं काही?"

"काही नाही." (मी इतक्या निरागसपणे म्हणालो की मलाच माझं कौतुक वाटलं.)

परेशनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "भाऊजी, चहा मिळेल?"

सुमेधा बाजारात गेलेली, म्हणून चहा मीच ठेवला. कप घेऊन आलो तर हा गॅलरीत फोनवर कुजबुजत होता, "हो, सगळं गुपचूप घेतलंय. त्यांना पत्ता नाही. नाही गं, मी कशाला सांगतोय!"

चोर घरात, आणि मी त्याला आलं घालून चहा देतोय! परेश मशीनशी परतल्यावर मी बाहेरच्या खोलीत त्याची बॅग उघडली. आत एक छोटी हार्ड डिस्क. अजून गरम होती! पुरावाच. मी ती उचलली आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. मग शांतपणे परेशसमोर येऊन बसलो. आता काय पुसायचंय ते पूस म्हटलं, लेका.

त्यानं पुसलं. विंडोज टाकलं, सॉफ्टवेअर टाकलं, प्रोजेक्ट उघडला.

पडदा लालभडक. चर्च लाल, केक लाल, आजोबांच्या जागी लाल चौकोन. परेश म्हणाला, "फूटेज सापडत नाहीये. प्रोजेक्टमध्ये नुसती कापाकापी असते भाऊजी, चित्रं वेगळी ठेवलेली असतात. कुठे ठेवलीत?"

"मलाच विचारतोस? चोर तो चोर..."

"कोण चोर?"

"फूटेज डेस्कटॉपवर होतं! दुसऱ्या नावानं! ते तू शोधून काढलंस!"

परेशनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. तो आत्ता तुमच्यासमोर पुसला."

मला ते आजोबा दिसायला लागले, आणि त्यांच्यामागे सॅन्टनभाऊ.

"घाबरू नका," परेश म्हणाला. "पुसायच्या आधी मी सगळ्या सी ची कॉपी काढली. ताईनंच फोनवर बजावलं होतं, की ते 'काही नाही' म्हणाले म्हणजे काहीतरी नक्की असणार, पण कॉपी काढतोयस हे कळू देऊ नकोस, रुसतील." तो बाहेर बॅगेकडे गेला. मग बॅग उलटी केल्याचा आवाज. "डिस्क कुठे गेली?"

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात सॅन्टनभाऊ, हातात वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळ्यांचा पुडा. मागे भाजीच्या पिशव्या घेऊन सुमेधा.

"मी... पाणी आणतो," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात कोपरापर्यंत हात तांदळात घालून मी चाचपडत असताना पाठीमागून सुमेधाचा आवाज आला, "अहो, भात मी लावते."

"डिस्क आहे आत."

तिनं एक शब्द विचारला नाही. डिस्कवरचे तांदूळ पदरानं झटकले आणि भावाच्या हातात नेऊन दिली. (ती ओरडली असती तर बरं झालं असतं.)

परेशनं सॉफ्टवेअरला फूटेजची नवी जागा दाखवली. एकेक लाल चौकोन विझत गेला आणि आजोबा उगवले. कोट खुर्चीवर फेकून, दोन्ही हात वर करून नाचत होते. सॅन्टनभाऊ पडद्याच्या अगदी जवळ सरकले. "बाबांचा गुडघा दुखायचा हो," ते एवढंच म्हणाले. मी परेशच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला, यातच त्याचा मोठेपणा.

मग सॅन्टनभाऊंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून पडद्यावर बोट ठेवलं.

"दिनानाथराव, बाबांच्या मागे हा चौकटीच्या शर्टातला माणूस कोण? कॅमेऱ्याची कार्डं घ्यायला आलो म्हणून हॉलमध्ये शिरला म्हणे. तिसऱ्यांदा ताट भरतोय बघा! आमच्या माणसांना तेव्हाच संशय आला होता."

माणूस पाठमोरा होता, आणि पाठ चांगलीच रुंद होती. मी खाकरलो. सुमेधा पुढे वाकून बघत म्हणाली, "शर्ट ओळखीचा वाटतोय. तुम्ही तर त्या दिवशी पोट बिघडलंय म्हणून घरी जेवला नव्हतात ना?"

"मला तो बाबांच्या मागे नको," सॅन्टनभाऊ म्हणाले. "कापून टाका."

परेशनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"अंकल, सॉफ्टवेअर जुनं आहे," तो म्हणाला. "एवढं मोठं काही त्यातून निघायचं नाही."